पीच-प्लमचा कॉबलर : वरून खमंग, आतून कच्चा का राहतो?

अवनी_बावधन
सोमवार, रात्री १०:२५

रविवारी पहाटे भावजयीबरोबर मार्केट यार्डात गेले होते. खरं तर वटपौर्णिमेसाठी आंबे आणायचे होते, पण फळबाजारात शिरल्या शिरल्या पीचचा वास आला आणि पाय तिथेच थांबले. पुठ्ठ्याच्या पेट्या, आत जाळीदार कागदात एकेक फळ, गालावर लाली आलेली. शेजारी हिमाचलचे काळपट लाल प्लम. पीचची एक पेटी दोघींत घेतली, वर दोन किलो प्लम घेतले. घरी येईपर्यंत मनात एकच बेत : कॉबलर.

गेल्या वर्षी लेकीकडे अटलांटाला तीन महिने होते. जॉर्जिया म्हणजे पीचचंच राज्य, तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही पीच असतो. लेकीच्या शेजारच्या आजी दर रविवारी कॉबलर करायच्या. खाली रसरशीत फळं, वर मऊ-खुसखुशीत जाडसर थर, आणि गरम असतानाच त्यावर आइस्क्रीमचा गोळा. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी दोनदा बघितलं होतं, त्यामुळे जमेल अशी खात्री होती.

आज संध्याकाळी केला. पीच आणि प्लम चिरून काचेच्या भांड्यात घातले, साखर आणि कॉर्नफ्लोर भुरभुरलं. मैदा, लोणी, ताक, बेकिंग पावडर यांचं पीठ करून वर पसरलं. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) १८० वर, ३५ मिनिटं. वरून इतका सुंदर रंग आला की फोटो काढून लेकीला पाठवलासुद्धा. डाव घातला तर वरचा अर्धा बोट थर छान, त्याखाली मात्र गिच्च पीठ, अर्धवट शिजलेल्या उकडीसारखं. आणि तळाला फळांचं पाणी पाणी.

माझे सासरे ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी बाजूची फळं तेवढी खाल्ली आणि ताटली खाली ठेवली. काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण गोडाचं काही केलं की ते दुसऱ्यांदा मागतात.

अजून पीच आहेत, प्लम आहेत. या उकाड्यात फार दिवस टिकणार नाहीत. कुठे चुकलं ते जाणकारांनी सांगावं.

---

मिरजकर_सध्या_पुणे
सोमवार, रात्री १०:५०

ताई, आधी हे सांगा, कॉबलर म्हणजे नक्की काय? पाय (इंग्रजीतला pie) माहीत आहे, क्रंबलही एकदा खाल्लाय. त्याच कुळातला का?

---

अवनी_बावधन
सोमवार, रात्री ११:०५

त्याच कुळातला. पायला खाली-वर पातळ पोळी असते. क्रंबलवर लोणी-मैदा-साखरेचा भुगा असतो, नानकटाईचा चुरा केल्यासारखा. कॉबलरवर अमेरिकेत ज्याला बिस्किट म्हणतात त्याचं पीठ असतं. ते आपलं चहात बुडवायचं बिस्किट नव्हे. मऊ, फुगलेलं, पावाच्या आणि खारीच्या मधलं काहीतरी.

इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या लोकांना त्यांच्या वाफवलेल्या पुडिंगांचं साहित्य आणि भांडी तिकडे मिळेनात, म्हणून हाताशी असलेल्या फळांवर पीठ घालून भाजायची पद्धत पडली असं सांगतात. १८५९ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी शब्दकोशात हा शब्द आहे, तिथे त्याचं वर्णन भांड्यात जाड पीठ लावून भाजलेला पाय असं केलंय. नावाबद्दल एक समजूत अशी की वरचे पिठाचे गोळे भाजल्यावर गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात. त्या आजींचा कॉबलर तरी अगदी तसाच दिसायचा. मी मात्र पीठ सपाट पसरलं. तिथेच चुकलं असेल का?

---

भट्टीवाला
मंगळवार, सकाळी ६:४०

आमची तीन पिढ्यांची बेकरी होती, आता बंद केली. हातातलं काम सुटलं तरी डोक्यातलं सुटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, चूक पिठाची नाही. पिठाखाली काय होतं ते बघा. थंड फळं आणि थंड भांडं. जाड काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं तापायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतं. त्यात किलोभर फळं, म्हणजे बहुतेक पाणीच. ते गरम होईपर्यंत वरच्या रॉडने पीठ भाजून टाकलं. पिठाच्या खालच्या अंगाला मात्र तेवढा वेळ थंड, ओला रस लागून राहिला. पीठ शिजायला दोन्हीकडून आच लागते. भट्टीत आम्ही पाव विटांच्या तापलेल्या फरशीवर ठेवायचो, पहिली आच खालून बसायची. तुमच्या कॉबलरला खालून आच मिळालीच नाही.

दुसरं कॉर्नफ्लोरचं. ते जवळजवळ उकळीला आल्याशिवाय धरत नाही. तुमचा रस मध्यभागी उकळलाच नसणार, म्हणून पाणी राहिलं. कच्चं पीठ आणि पाणचट रस, दोन्हींचं मूळ एकच आहे.

यावर उपाय :

फळं आधी एकटीच ओव्हनमध्ये घाला. २०० वर पंधरा-वीस मिनिटं, कडेने बुडबुडे येईपर्यंत. मग भांडं बाहेर काढून त्या गरम फळांवर पीठ ठेवा. ठेवल्याबरोबर खालच्या बाजूला वाफ बसते आणि तिथूनच शिजायला सुरुवात होते. मग पुन्हा २५ ते ३० मिनिटं.

आणि पीठ सपाट पसरू नका. चमच्याने गोळे टाका, मधे बोटभर फटी राहू द्या. वाफेला वर यायला वाट पाहिजे. सपाट थर म्हणजे झाकण. त्याखाली वाफ कोंडते, तिचं पाणी होतं आणि ते पिठातच मुरतं.

भांडं मधल्या खाचेत नको, एक खाच खाली ठेवा. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो.

---

निशिगंध
मंगळवार, सकाळी ९:१५

भट्टीवाला काकांना +१. मी दुसऱ्या पद्धतीने करते, तीही सांगते. भांड्यात ७० ग्रॅम लोणी घालून ओव्हनमध्ये वितळवायचं. त्यावर मैदा, साखर, दूध, बेकिंग पावडर यांचं सरबरीत पीठ ओतायचं, घावनापेक्षा किंचित घट्ट. वरून फळं सोडायची. ढवळायचं अजिबात नाही. भाजताना फळं खाली बसतात आणि पीठ त्यांच्या भोवतीने वर येतं. कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या घरांत असा कॉबलरही सर्रास करतात. यात पीठ गरम लोण्यावर पडतं, म्हणून तळ कच्चा राहत नाही.

---

भट्टीवाला
मंगळवार, सकाळी ९:४०

ही पद्धत सोपी आहे आणि नवख्याला हमखास जमते. पण मग तो केकच्या जवळ जातो. ताईंना त्या आजींच्या हातचा हवाय, म्हणून मी गोळ्यांचाच सांगेन.

---

हिमगौरी
मंगळवार, दुपारी १:२०

मी मूळची पुण्याची, लग्नानंतर सोलनला. इथे सगळा हंगाम डोळ्यासमोर असतो, म्हणून फळांबद्दल सांगते.

मे महिन्यात तुमच्याकडे येणारा पहिला पीच बऱ्याचदा पंजाबच्या मैदानातला असतो. तिथे कमी थंडीवर येणाऱ्या जाती लावल्या आहेत. डोंगरातला माल त्यानंतर सुरू होतो. आमच्या जवळ सिरमौर जिल्ह्यात राजगढ आहे, पीचसाठीच ओळखलं जातं. तिथे जुलै अल्बर्टा ही जात होते. पिवळा गर, आणि आठळी गरापासून सहज सुटते.

ही आठळीची गोष्ट कॉबलर करणाऱ्याने पेटी घेतानाच बघावी. लवकर येणारे बहुतेक पीच चिकट आठळीचे असतात. मधोमध चिरून पिळलं तर दोन वाट्या होत नाहीत, गर पिचतो आणि हातात लगदा येतो. अशा फळाच्या सरळ चार बाजू कापून घ्यायच्या, आंब्याच्या फाका काढतो तशा, आणि आठळीला राहिलेला गर चोखायला मुलांना द्यायचा. तुमच्याकडचे काळपट लाल प्लम सांता रोझा असतील, हिमाचलात तीच जात जास्त. त्यांचीही आठळी चिकट, त्यांनाही फाकाच.

पीच झाडावरून उतरवतानाच कडक असतो, नाहीतर पुण्यापर्यंत पोचणारच नाही. त्यामुळे बाजारातून आणल्या आणल्या चिरू नका. कागदी पिशवीत घालून एक-दोन दिवस बाहेर ठेवा. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबलं तर किंचित दबलं पाहिजे आणि तिथून वास आला पाहिजे. लाली बघून फसू नका. लाली उन्हाची आणि जातीची असते, पिकल्याची खूण देठाजवळची हिरवट झाक जाऊन पिवळा रंग येणं ही. पिकले की फ्रिजमध्ये. कच्चे असताना फ्रिजमध्ये ठेवले तर गर आतून कोरडा आणि पिठूळ होतो, मग कितीही साखर घातली तरी उपयोग नाही.

प्लमचं साल काढू नका. सगळा रंग आणि अर्धा आंबटपणा सालात असतो. पीचचं साल काढायचं असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट आणि लगेच गार पाण्यात, टोमॅटोसारखं निघून येतं.

---

सदाशिव_आजोबा
मंगळवार, संध्याकाळी ५:०५

भट्टीवाला यांचं लिखाण वाचून जुनं आठवलं. साठच्या दशकात आमच्या वाड्यात कुणाकडेच ओव्हन नव्हता. मे महिन्यात आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप वेगवेगळ्या डब्यांत मोजून द्यायची आणि आम्हा भावंडांना बेकरीत पाठवायची. नानकटाई तिथे भाजून मिळायची, मजुरी तेवढी द्यायची. तूप आपलंच वापरतात ना हे बघायला माझी नेमणूक व्हायची. मी भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचो. तो माणूस लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सारायचा, आणि मधेच हात आत घालून नुसत्या हाताने आच बघायचा. घड्याळ नाही, काटा नाही. परत येताना डबा इतका गरम असायचा की टॉवेलात गुंडाळून आणावा लागे.

अवनीताई, तुमच्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला मऊ आणि गरम गोड फार आवडतं. मी ८१ चा आहे, म्हणून खात्रीने सांगतो. पुन्हा करा, ते खातील.

आणखी एक. आपल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या फळांना अश्मगर्भी म्हणतात, म्हणजे पोटात दगड असलेली. साधा शब्द आठळी. पीच, प्लम, जर्दाळू, चेरी आणि बदाम हे एकाच प्रजातीतले. बदामाची आपण आठळी फोडून बी खातो, बाकीच्यांचा गर खातो, एवढाच फरक. आणि आंबासुद्धा अश्मगर्भीच, कूळ मात्र वेगळं. मी शाळेत वीस वर्षं हे शिकवलं, पण कॉबलरसाठी आठळी बघून पेटी घ्यायची असते हे आज कळलं.

---

केतकी_वारजे
मंगळवार, रात्री ८:३०

बदामाचा विषय निघालाच आहे म्हणून : आठळी फोडून आतली बी सुवासासाठी घालायची असं एका व्हिडिओत दाखवत होते. बदामासारखा वास येतो म्हणे. घालावी का?

---

निशिगंध
मंगळवार, रात्री ८:५५

केतकी, नको गं. पीच, प्लम आणि जर्दाळूच्या बीत अॅमिग्डॅलिन असतं. ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. कडू बदामात असतं तेच. घरात लहान मुलं असतील तर आठळ्या फोडायला आणि बिया चघळायला अजिबात देऊ नकोस. तो वास हवाच असेल तर पिठात बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब, किंवा वरून बदामाचे काप. मी कापच घालते, भाजताना तेही खमंग होतात.

---

अवनी_बावधन
मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांच्याही नानकटाईच्या आठवणी निघाल्या, कसब्यातल्या बेकरीच्या. अर्धा तास बोलत होते.

काका, तुमचं म्हणणं तंतोतंत पटलं. माझं भांडं जाड काचेचंच आहे आणि फळं फ्रिजमधून काढून थेट चिरली होती. गुरुवारी पुन्हा करते.

दोन शंका. एक, मी घरचं लोणी वापरलं होतं, ते चालतं का? तूप घातलं तर? दोन, अटलांटाच्या आजी बटरमिल्क घालायच्या. मी आपलं ताक घातलं. ते चुकलं का?

---

भट्टीवाला
मंगळवार, रात्री १०:१०

घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो आणि तो घरोघरी कमी-जास्त असतो. चालेल, पण आधी गार पाण्यात दोन-तीनदा धुवून, नीट पिळून, मग फ्रिजमध्ये घट्ट करून घ्या. विकतचं खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका.

तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे वाफेने येणारे पदर येणार नाहीत. नानकटाईसारखं भुसभुशीत होईल. वाईट नाही, पण वेगळं. आणि जूनमध्ये पुण्यात तूप बाहेर पातळच असतं, त्यामुळे घालायचं तर फ्रिजमध्ये थिजवून घाला.

लोणी थंड का हवं ते सांगतो. मैद्यात लोण्याचे छोटे तुकडे अख्खे राहिले पाहिजेत. गरम ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ तिथे उचललं जातं. हाताने मळत बसलात तर लोणी आधीच पिठात मुरतं आणि गोळा दडस होतो. बोटांच्या टोकांनी चोळायचं. रव्यासारखं दिसायला लागलं आणि मधे मधे वाटाण्याएवढे खडे राहिले की थांबायचं.

ताकाचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत. तिकडचं बटरमिल्क घट्ट असतं, इडलीच्या पिठासारखं ओघळतं. आपलं ताक पाणीदार, त्याने पीठ सैल पडलं असणार. तीन भाग घट्ट दही आणि एक भाग दूध घुसळून घ्या. दही आंबटसरच हवं, म्हणजे चिमूटभर सोडा कामाला लागतो. पीठ थालीपिठाच्या पिठाइतपत सैल, चमच्यातून आपोआप न पडणारं.

---

मिरजकर_सध्या_पुणे
बुधवार, सकाळी ८:००

माझ्याकडे ओव्हन नाही, भाड्याची खोली आहे. कुकर किंवा कढईत होईल का?

---

कोकणी_माणूस_पुण्यात
बुधवार, सकाळी ८:४५

होईल. माझी आजी भानोलं करायची तेव्हा पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे असत. अमेरिकेतही चुलीच्या काळात जाड बिडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून असले पदार्थ करत. वरची आच महत्त्वाची. गॅसवर नेमकी तीच मिळत नाही.

मी असं करतो. फळं साखर घालून पातेल्यात गॅसवरच शिजवून घेतो, रस दाट होईपर्यंत. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवतो. मग स्टीलच्या डब्यात गरम फळं, त्यावर पिठाचे गोळे, आणि डबा आत. मंद आचेवर ४० मिनिटं. झाकणाला आतून कापड बांधतो म्हणजे वाफेचं पाणी गोळ्यांवर ठिबकत नाही, कापडाची टोकं वर घेऊन झाकणाच्या मुठीला बांधायची, गॅसजवळ लोंबू द्यायची नाहीत. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी गोळे उलटून लोणी लावलेल्या तव्यावर दोन मिनिटं भाजतो. पांढरं पीठ खायचं नसेल तर ही शेवटची पायरी सोडू नकोस. अॅल्युमिनियमचा डबा घेऊ नकोस, प्लम आंबट असतो, धातूची चव उतरते.

---

निशिगंध
बुधवार, सकाळी ११:३०

कॉर्नफ्लोरऐवजी साबुदाणा मिक्सरमधून अगदी बारीक करून, चाळून घालून बघा. रस पारदर्शक राहतो आणि प्लमचा रंग काचेसारखा दिसतो. कॉर्नफ्लोरने किंचित दुधाळ होतो. मसाल्यात मी दालचिनी आणि किसलेलं जायफळ. वेलची घालू नये असं माझं ठाम मत आहे. वेलची आली की तो शिऱ्याच्या वासाचा होतो आणि पीचचा नाजूक वास हरवतो.

---

कोकणी_माणूस_पुण्यात
बुधवार, दुपारी १२:१०

जायफळाला पूर्ण अनुमोदन. वेलचीबद्दल असहमत, प्लमला सुंदर लागते. नुसत्या पीचला नको, हे मान्य.

---

अवनी_बावधन
गुरुवार, रात्री ९:५०

झाला. पोटभर खाल्ला. सगळं क्रमाने सांगते, कारण आज एका अडचणीमुळेच खरं कारण डोळ्यांनी बघायला मिळालं.

सकाळी नऊ वाजता ६०० ग्रॅम पीच आणि ४०० ग्रॅम प्लमच्या फाका केल्या. पीच दोन दिवस पिशवीत ठेवले होते. आज पिशवी उघडली तेव्हा स्वयंपाकघरभर वास पसरला. त्यात १०० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूट मीठ घालून कालवून ठेवलं. ओटीजी लावायला गेले आणि वीज गेली. गुरुवार आहे हे लक्षातच नव्हतं. दुरुस्तीचं काम, चार वाजता येईल असं कळलं. भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार उघडायचं नाही असं घरात सगळ्यांना सांगितलं.

साडेचारला भांडं काढलं तर फळं बुडतील इतका रस. गाळणीवर ओतून मोजला : चहाचे दोन कप काठोकाठ भरले. सोमवारी हा सगळा रस ओव्हनमध्ये सुटत होता, पिठाच्या बरोबर खाली. तो समोर कपांत बघितल्यावर काकांचं म्हणणं शब्दाने नव्हे तर नजरेने कळलं.

मग तो रस पातेल्यात घालून मध्यम आचेवर आटवला, निम्म्याहून कमी केला. साखरांब्याच्या पाकासारखे जाड, संथ बुडबुडे यायला लागले तेव्हा उतरवला. रंग असा की सासरे काठी टेकत ओट्यापर्यंत बघायला आले. तो रस थोडा निववून फळांत घातला, दीड मोठा चमचा साबुदाण्याचं पीठ आणि जायफळ कालवलं. या वेळी काचेचं भांडं नाही, स्टीलचा पसरट डबा. २०० वर वीस मिनिटं, कडेने खदखदायला लागेपर्यंत.

तोवर पीठ. १५० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, तीन मोठे चमचे साखर, ७५ ग्रॅम थंड खारं बटर, आणि दही-दूध मिळून साधारण १२० मिली. दही-दूध एकदम ओतलं नाही, शेवटचे दोन चमचे लागले नाहीत. फळं बाहेर काढायच्या वेळीच ते कालवलं. लोण्याचे खडे दिसत होते तेव्हाच हात थांबवला. मळायची सवय इतकी आहे की थांबणं हेच अवघड गेलं.

गरम फळांवर नऊ गोळे टाकले, मधे फटी ठेवून. गोळा फळावर पडला की चर्र आवाज यायचा. वरून थोडी जाडी साखर भुरभुरली. पुन्हा २८ मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला मधला गोळा सुरीने उचलून पोटाची बाजू बघितली : कोरडी, जाळीदार, पावासारखी. तरी तीन मिनिटं ठेवला.

बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू दिला नाही कुणाला. गार होताना रस आणखी धरला. मग वाढला. डाव घातला तेव्हा गोळा अख्खा उचलला गेला आणि खालून लालबुंद रस हळूहळू त्या जागेत आला.

सासऱ्यांनी एक वाटी संपवली आणि वाटी पुढे केली.

---

सदाशिव_आजोबा
गुरुवार, रात्री १०:१५

डोळे भरून आले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

भट्टीवाला
गुरुवार, रात्री १०:२०

पोटाची बाजू उचलून बघितलीत, हे फार चांगलं केलंत. वरचा रंग बघून भांडं काढणारे बेकरीतही असायचे, त्यांचा माल परत यायचा. उरलेल्याचं एक सांगतो. फ्रिजमध्ये ठेवलात तर गोळे रस पिऊन मऊ पडतील. उद्या १६० वर दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्ह नको, पीठ चिवट होईल. आणि काचेचं भांडं वापरणाऱ्यांसाठी : ओव्हनमधून काढलेली गरम काच ओल्या ओट्यावर ठेवू नका आणि तिच्यात थंड रस ओतू नका, तडकते.

---

केतकी_वारजे
गुरुवार, रात्री १०:४०

वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. आजोबा म्हणाले आंबाही अश्मगर्भी, मग आंब्याचा होईल का? वाणातले बरेच आंबे आहेत घरात.

---

हिमगौरी
गुरुवार, रात्री ११:००

हापूस असेल तर नको गं, तो शिजवला की त्याचा वास उडतो, कापूनच खा. या दिवसांत येणारा नीलम किंवा घट्ट तोतापुरी घे. आंब्यात आंबटपणा कमी, म्हणून दोन-तीन प्लम किंवा मूठभर किसलेली कैरी त्यात घाल, साखर निम्मी कर. आंबा पीचइतकं पाणी सोडत नाही, त्यामुळे रस आटवायची गरज पडणार नाही. फळं आधी गरम करणं मात्र सोडू नकोस.

---

केतकी_वारजे
गुरुवार, रात्री ११:०५

नीलमच आहेत. रविवारी करते, फोटो टाकते.

---

अवनी_बावधन
शुक्रवार, सकाळी ७:३०

रात्री थोडा उरला होता. सकाळी चहाच्या वेळी बघते तर सासरे फ्रिजसमोर. गरम करून देते म्हटलं तर नको म्हणाले, थंडच, वर सकाळच्या दुधाची साय घालून. मीही एक चमचा घेतला. आइस्क्रीमपेक्षा साय चांगली लागते, हे अटलांटाला फोन करून सांगणार आहे.

पीच सहा उरलेत. मिरजकर, तुम्ही बावधनच्या बाजूने जात असाल तर विपू (विचारपुशीत निरोप) करा, दोन घेऊन जा. कढईतला होतो का ते मलाही बघायचंय.

---

मिरजकर_सध्या_पुणे
शुक्रवार, सकाळी ७:५०

विपू केली आहे. मीठ, जाळी आणि स्टीलचा डबा तयार आहे. झाकणाला बांधायला कापड धुवून वाळत घातलंय.